प्रकाशाचे शस्त्र

शल्यवैद्य रोगट अवयवावर शस्त्र चालवितो तेव्हा त्याच्या हाताला रोगाचेच समर्थन असते. मोतीबिंदू काढला नाही तर दृष्टी जाईल, गळू फोडले नाही तर विष अंगात भिनेल, हे रोग्यालाही समजते. परंतु ज्या डोळ्यात रोग नाही, जो साध्या काचेच्या साहाय्याने उत्तम पाहू शकतो, ज्याची घडण तेवढी किंचित वेगळी आहे, अशा डोळ्यावर शस्त्र चालवावे काय? दूरदृष्टिता आणि दृष्टिवैषम्य या दोन दोषांवर आज लेसर किरणांनी जी शस्त्रक्रिया केली जाते, तिच्या मागे दोन शतकांचा इतिहास आहे. आणि त्या इतिहासात हा प्रश्न पुनःपुन्हा उभा राहिलेला आहे. कधी त्याचे उत्तर उतावळेपणाने दिले गेले व त्याची किंमत रोग्यांना मोजावी लागली. कधी ते सावधपणे दिले गेले व त्यातून पुढची वाट सापडली.

प्रथम हे दोष कोणते ते पाहावयास हवे. डोळ्याच्या अगदी पुढे, बाहुलीवर, घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक घुमट असतो. त्यास पारपटल म्हणतात. त्याची जाडी मध्यभागी अवघी अर्धा मिलिमीटर असते. पण प्रकाशकिरण वळवून आतील दृष्टिपटलावर आणण्याचे सुमारे दोनतृतीयांश काम हा घुमटच करतो. उरलेले काम त्यामागील नैसर्गिक भिंग करते. डोळा लांबीने आखूड असेल किंवा हा घुमट जरुरीपेक्षा चपटा असेल, तर किरण दृष्टिपटलापर्यंत पोचले तरी एकत्र आलेले नसतात. त्यांचा मिलनबिंदू दृष्टिपटलाच्या मागे पडू पाहतो. हीच दूरदृष्टिता. मराठीत दूरदृष्टी हा गुण समजला जातो आणि ती असणाऱ्या माणसाचा गौरव होतो. नेत्रवैद्यकातील दूरदृष्टिता मात्र गौरवाची नाही. अशा माणसाचे डोळ्यातील भिंग जवळचे पाहण्यासाठी तर राबतेच, पण दूरचे पाहतानाही त्याला विसावा नसतो.

दृष्टिवैषम्य, ज्याला चष्म्याच्या दुकानात सिलिंड्रिकल नंबर म्हणतात, त्याचे कारण निराळे आहे. निर्दोष पारपटल चेंडूच्या पृष्ठभागासारखे सर्व दिशांना सारखेच वाकलेले असते. दृष्टिवैषम्यात ते चमच्याच्या पाठीसारखे असते: एका दिशेने अधिक वाकलेले, तिच्याशी काटकोनात असलेल्या दिशेने कमी. परिणामी प्रकाशाचा बिंदू बिंदू राहत नाही, त्याची रेघ होते. उभ्या रेषा ठळक दिसाव्यात आणि आडव्या पुसट, किंवा याच्या उलट व्हावे, असा हा प्रकार असतो. पुष्कळ डोळ्यांत दूरदृष्टिता आणि दृष्टिवैषम्य ही दोन्ही एकत्रच नांदतात.

या दोषांचा शोध वैद्यांनी नव्हे, तर स्वतःचा डोळा तपासणाऱ्या जिज्ञासूंनी लावला. इंग्लंडमधील टॉमस यंग याने आपल्या डोळ्याच्या रचनेवर केलेले विवेचन १८०१ साली प्रसिद्ध झाले. आपला डोळा आडव्या आणि उभ्या दिशांतील किरण एकाच अंतरावर एकत्र आणीत नाही, हे त्याने मोजून दाखविले होते. एवढ्यावर तो थांबला नाही. पाणी भरलेली नळी डोळ्याशी लावून त्याने पारपटलाचा परिणाम नाहीसा केला. तरीही दोष राहिला, तेव्हा आपल्यापुरता तो आतील भिंगात असला पाहिजे असे अनुमान त्याने काढले. त्याच्यानंतर पाव शतकाने केंब्रिजमधील तरुण गणिती जॉर्ज बिडेल एअरी याला असा अनुभव आला की, वाचताना आपला डावा डोळा जवळजवळ निरुपयोगी असतो. कागदाला बारीक छिद्र पाडून त्याने त्यातून येणारा प्रकाश निरनिराळ्या अंतरांवरून पाहिला. एका अंतरावर बिंदूची एक रेघ झाली, दुसऱ्या अंतरावर तिच्याशी काटकोन करणारी दुसरी रेघ झाली. एअरीने गणित मांडले, आणि एका बाजूने गोलाकार व दुसऱ्या बाजूने दंडगोलाकार अशी काच इप्सविच येथील एका कारागिराकडून घासून घेतली. १८२५ साली त्याने हा वृत्तांत केंब्रिजच्या विद्वत्सभेपुढे ठेवला. पुढे एअरी इंग्लंडचा राजज्योतिषी झाला. पण दृष्टिवैषम्याचा पहिला सिद्ध चष्मा करणारा म्हणूनही त्याचे नाव राहिले.

दूरदृष्टितेचा उलगडा व्हावयास आणखी काही काळ लागला. त्यात अडथळा होता तो चाळिशीचा. चाळिशी उलटली की जवळचे वाचताना पुस्तक लांब धरावे लागते. आतील भिंगाची लवचिकता वयोमानाने कमी झाल्याचा तो परिणाम होय, आणि तो कोणालाही चुकत नाही. दोन्ही दोषांना फुगीर काच लागते. म्हणून दोन्ही एकच, असा समज दृढ झाला होता. या समजाचे परिणाम करुण होते. एखादा विद्यार्थी, एखादी शिवणकाम करणारी मुलगी, एखादा कारकून तासाभराच्या कामाने डोळे दुखतात, अक्षरे एकमेकांत मिसळतात, अशी तक्रार घेऊन येई. वय कोवळे असल्यामुळे चाळिशीचा चष्मा देण्याचे वैद्याच्या मनातही येत नसे. दृष्टिपटल क्षीण झाले आहे, पुढे अंधत्व येईल, तेव्हा अभ्यास किंवा धंदा सोडा, असा सल्ला दिला जाई.

नेदरलंड्समधील उट्रेख्ट येथील फ्रान्सिस्कस डॉन्डर्स याने हा गोंधळ मिटविला. या तरुणांचा डोळा रोगट नसून आखूड आहे, त्याचे भिंग जन्मभर अधिक कष्ट करीत आले आहे आणि त्या कष्टानेच ते थकते, हे त्याने सिद्ध केले. सामान्य दृष्टिवैषम्याचे मूळ बहुधा पारपटलाच्या असमान वक्रतेत असते, हेही त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मोजमापाने दाखविले. त्याचा या विषयावरील मोठा ग्रंथ १८६४ साली लंडनमध्ये इंग्रजीतून प्रसिद्ध झाला. ज्यांना आयुष्यातील कामधंदा सोडण्यास सांगण्यात आले होते, त्यांच्या हाती योग्य काच आली व ते पुन्हा कामाला लागले. दृष्टिदोषांच्या इतिहासातील हा पहिला मोठा विजय शस्त्रावाचून मिळाला होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

दोष पारपटलाच्या आकारात आहे असे एकदा कळल्यावर, तो आकारच का बदलू नये, असा विचार येणे अपरिहार्य होते. डॉन्डर्सचाच सहकारी हर्मन स्नेलेन, ज्याच्या नावाचा अक्षरफलक आज सर्वत्र डोळे तपासताना वापरतात, त्याने १८६९ साली अशी कल्पना मांडली की, पारपटल ज्या दिशेने अधिक वाकलेले आहे त्या दिशेला आडवा छेद दिल्यास तो बाक सपाट होईल. १८८५ साली नॉर्वेमधील यालमार शट्झ याने मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर तीव्र दृष्टिवैषम्य आलेल्या एका रोग्यावर असा छेद देऊन ते बरेच कमी केले. १८९८ साली लान्स या डच वैद्याने सशांच्या डोळ्यांवर पद्धतशीर प्रयोग केले. छेद दिलेली दिशा सपाट होते तेव्हा तिच्याशी काटकोनात असलेली दिशा अधिक वाकते, हा नियम त्यातून हाती आला. पुढील सर्व शस्त्रक्रियांचा पाया येथे घातला गेला.

त्या पायावर पहिली मोठी इमारत जपानमध्ये उभी राहिली, आणि ती कोसळली. तोकिओ येथील त्सुतोमु सातो याने १९३० ते १९५० या दशकांत दृष्टिवैषम्यावर आणि नंतर लघुदृष्टीवर पारपटलास छेद देण्याच्या पद्धती बसविल्या. परिणाम वाढावा म्हणून त्याने पारपटलाच्या आतील अंगानेही छेद दिले. रोग्यांची दृष्टी सुधारली, पाश्चात्त्य नियतकालिकांत लेख प्रसिद्ध झाले, आणि यशाविषयी कोणालाच शंका उरली नाही. परंतु पारपटलाच्या आतील बाजूस पेशींचा एक अतिशय पातळ थर असतो. पारपटलात झिरपणारे पाणी सतत बाहेर टाकून त्यास पारदर्शक ठेवणे हे त्याचे काम; आणि मनुष्याच्या डोळ्यात या पेशी एकदा नष्ट झाल्या की नव्या पेशी त्यांची जागा घेत नाहीत. सातोच्या काळी याचे महत्त्व माहीत नव्हते. शस्त्रक्रियेनंतर दहा-वीस वर्षे उलटल्यावर त्या रोग्यांची पारपटले सुजू लागली, त्यांवर फोड आले आणि ती धुरकट झाली. ज्यांचा दोष एका चष्म्याने भागला असता, अशा अनेकांची दृष्टी गेली. सातोने कोणाला फसविले नव्हते. निरोगी डोळ्याच्या बाबतीत यशाचा निवाडा एक-दोन वर्षांत करता येत नाही, हा धडा मात्र फार महाग पडला.

हा धडा दुसऱ्यांदा, जरा सौम्यपणे, शिकावा लागला. १९७० च्या दशकात मॉस्को येथील स्व्यातोस्लाव फ्योदोरव याने छेद केवळ बाहेरच्या अंगाने देऊन आतील थर सुरक्षित ठेवला. मध्यभाग मोकळा ठेवून चाकाच्या आऱ्यांप्रमाणे छेद द्यावयाचे, म्हणजे मध्यभाग सपाट होऊन लघुदृष्टी जाते, अशी ही पद्धत होती. फिरत्या पट्ट्यावर एकामागून एक रोगी सरकत आहेत आणि प्रत्येक शल्यवैद्य आपल्या वाट्याचा भाग करीत आहे, अशा प्रकारे १९८० च्या दशकात तेथे शस्त्रक्रिया होऊ लागल्या. अमेरिकेत मात्र सरकारी साहाय्याने या पद्धतीची दीर्घ तपासणी सुरू झाली, आणि दहा वर्षांनंतरचे निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाले. शंभरांपैकी ४३ डोळे पहिल्या सहा महिन्यांनंतरच्या काळात एक डायॉप्टर किंवा त्याहून अधिक दूरदृष्टितेकडे सरकले होते. छेदांनी दुबळे झालेले पारपटल वर्षानुवर्षे सपाट होतच राहिले होते. लघुदृष्टी घालविण्याकरिता केलेल्या उपायाने दूरदृष्टिता निर्माण केली होती.

दूरदृष्टितेवर छेदाचा उपाय मुळातच अवघड होता. छेदाने पारपटल सपाट होते; दूरदृष्टितेला तर ते अधिक फुगीर व्हावयास हवे. या विषयाकडे अगदी निराळ्या दृष्टीने पाहणारा मनुष्य बार्सेलोनाचा होसे इग्नासिओ बाराकेर हा होय. १९४९ साली त्याने आपली कल्पना प्रसिद्ध केली आणि पुढे कोलंबियातील बोगोटा येथे राहून ती प्रत्यक्षात आणली. पारपटलाला चिरा पाडून त्याचा आकार बदलण्याऐवजी, भिंग घासणारा कारागीर काचेला घासतो तसे त्यालाच घासावे, असा त्याचा विचार होता. त्याने पारपटलाचा वरचा पातळ चकतीसारखा भाग सूक्ष्म रंध्याने कापून काढला, तो गोठविला, यंत्रावर कातला, आणि पुन्हा जागच्या जागी बसविला. या अनुभवातून त्याने एक नियम सांगितला: मध्यभागातील द्रव्य काढले, अथवा कडेला द्रव्य घातले, तर पारपटल सपाट होते, कडेचे द्रव्य काढले, अथवा मध्यभागी द्रव्य घातले, तर ते फुगीर होते. दूरदृष्टितेच्या उपायाची किल्ली या नियमाच्या उत्तरार्धात होती. परंतु गोठलेल्या पेशी मरत, यंत्राची अचूकता अपुरी पडे, आणि ती कला आत्मसात करणारे हात जगात थोडेच होते. बाराकेरला हवे असलेले कातण्याचे हत्यार अद्याप जन्माला यावयाचे होते.

ते हत्यार प्रकाशाचे निघाले. प्रकाशाला चेतवून अधिक प्रकाश निर्माण करता येईल, हे आइन्स्टाइनने १९१७ साली सांगितले होते. १९६० साली कॅलिफोर्नियात थिओडोर मेमन याने माणिकाच्या स्फटिकापासून पहिला लेसर झोत निर्माण केला. नेत्रवैद्यांनी तो लवकरच उचलला. पण दृष्टिपटलावर डाग देण्यासाठी, म्हणजे जाळण्यासाठी. पारपटलावर अशा जाळणाऱ्या किरणांचा उपयोग नव्हता. १९७० साली मॉस्कोत निकोलाय बासोव आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ‘एक्सायमर’ जातीचा लेसर तयार केला. त्याच जातीचा, आर्गॉन आणि फ्लोरिन या वायूंपासून होणारा, १९३ नॅनोमीटर लांबीच्या अदृश्य अतिनील लहरींचा झोत पुढे या कथेचा नायक ठरला.

मद्रासला १९२९ साली जन्मलेले आणि तेथील विद्यापीठातून रसायनशास्त्र शिकलेले रंगस्वामी श्रीनिवासन हे त्या वेळी न्यूयॉर्क राज्यातील यॉर्कटाउन हाइट्स येथे आय. बी. एम. कंपनीच्या संशोधनशाळेत काम करीत होते. अतिनील किरणांचा प्लास्टिकवर काय परिणाम होतो, हा त्यांचा विषय होता. डोळ्याशी त्याचा काही संबंध नव्हता. या किरणांनी प्लास्टिकवर कोरलेला खाचेचा काठ सुरीने कापल्यासारखा स्वच्छ राहतो, हे त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना दिसले होते. सजीवांच्या द्रव्यावरही असेच होईल काय, असा प्रश्न पडला. १९८१ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतील आभारदिनाच्या सणाला घरोघर टर्कीचे जेवण होते. २७ तारखेला श्रीनिवासन घरच्या जेवणातून उरलेला टर्कीचा तुकडा घेऊन प्रयोगशाळेत आले आणि त्यावर त्यांनी हा झोत सोडला. खाच स्वच्छ पडली. भोवतीचा भाग भाजला नाही, काळवंडला नाही. सॅम्युएल ब्लम आणि जेम्स विन हे त्यांचे सहकारी होते. हिरव्या लेसरने तसाच प्रयोग केला, तेव्हा कडा जळून गेल्या.

याचे कारण या किरणांच्या लहान लहरींत आहे. त्यांच्या एकेका कणाजवळ इतकी ऊर्जा असते की, तो द्रव्यातील कार्बनचे रासायनिक बंध सरळ तोडू शकतो. तुटलेले रेणू वायूरूपाने उडून जातात आणि उष्णताही त्यांच्याबरोबरच निघून जाते, शेजाऱ्यांपर्यंत पोचत नाही. एका स्पंदासरशी पारपटलाचा साधारण पाव मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा चार हजारावा भाग, निघतो. मनुष्याच्या केसावर या किरणांनी अक्षरे कोरल्याचे छायाचित्र पुढे सर्वत्र प्रसिद्ध झाले. २०१३ साली या तिघांना अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते तंत्रविद्येचे राष्ट्रीय पदक अर्पण करण्यात आले.

प्रयोगशाळेतील हे ज्ञान डोळ्यापर्यंत आणले ते न्यूयॉर्कमधील कोलंबिया विद्यापीठाचे नेत्रवैद्य स्टीफन ट्रोकेल यांनी. १९८३ साली ते वासरांचे डोळे घेऊन यॉर्कटाउनला गेले, आणि श्रीनिवासन यांच्याबरोबर केलेल्या प्रयोगांचा वृत्तांत त्यांनी त्याच वर्षी डिसेंबरात प्रसिद्ध केला. प्रारंभी पुष्कळांच्या डोळ्यांपुढे जुनीच कल्पना होती: पोलादी सुरीऐवजी प्रकाशाची सुरी वापरून तेच छेद द्यावयाचे. बर्लिनमधील थिओ झाइलर यांनी दृष्टिवैषम्यावर अशा सरळ चरांचा उपाय केला व त्याचा वृत्तांत १९८८ साली दिला. परंतु लवकरच हे उमगले की, या झोताचे खरे सामर्थ्य कापण्यात नसून घासण्यात आहे. मध्यभागाचा पृष्ठभागच पातळ थरांनी काढून पारपटलाला हवा तो आकार देता येईल. म्हणजे बाराकेरचा कातकाम करणारा चरक आता गोठविल्यावाचून, डोळ्यावरच चालविता येईल. किती डायॉप्टरसाठी किती खोल घासावयाचे, याचे गणितही १९८८ सालीच प्रसिद्ध झाले. तीन डायॉप्टरची लघुदृष्टी सहा मिलिमीटरच्या क्षेत्रात दुरुस्त करावयाची तर सुमारे ३६ मायक्रॉन पुरेत. केसाच्या जाडीहूनही कमी.

पण पाहणाऱ्या मानवी डोळ्यावर पहिला प्रयोग कोणावर करावयाचा? सातोच्या रोग्यांची आठवण असलेल्या कोणालाही हा प्रश्न हलका वाटणे शक्य नव्हते. १९८८ साली अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स येथे त्याचे उत्तर एका स्त्रीने दिले. डोळ्याच्या खोबणीतील कर्करोगामुळे तिचा एक डोळा काढावा लागणार होता. मात्र त्या डोळ्याला अद्याप चांगले दिसत होते. जाण्यापूर्वी तो विज्ञानाच्या उपयोगी पडावा, अशी इच्छा तिने व्यक्त केली. मार्गरिट मॅक्डॉनल्ड यांनी त्या डोळ्यावर लेसरने पृष्ठभाग घासण्याची शस्त्रक्रिया केली, जखम भरून येताना पाहिली, आणि नंतर ठरल्याप्रमाणे तो डोळा काढण्यात येऊन त्याची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी झाली. ज्या शस्त्रक्रियेने पुढे लक्षावधी लोकांचे चष्मे सुटले, तिच्या आरंभी एका व्यक्तीचे हे दान आहे.

पृष्ठभाग घासल्यावर वरची त्वचा पुन्हा येईपर्यंत रोग्याला काही दिवस वेदना होत. १९८९ च्या सुमारास क्रीट बेटावरील विद्यापीठात योआनिस पालिकारिस यांनी बाराकेरचा रंधा आणि नवा लेसर यांची सांगड घातली. पारपटलाचा वरचा पापुद्रा पूर्ण न कापता पुस्तकाच्या पानासारखा एका बाजूला जोडलेला ठेवावयाचा, तो उलटवून खालचा भाग लेसरने घासावयाचा, आणि पान पुन्हा मिटावयाचे. वेदना कमी झाल्या, दृष्टी दुसऱ्या दिवशीच परतू लागली. या पद्धतीला त्यांनी दिलेले ‘लासिक’ हे नाव आज घरोघर पोचले आहे.

या साऱ्या प्रगतीत लघुदृष्टी पुढे होती आणि दूरदृष्टिता मागे रेंगाळत होती. अमेरिकेच्या औषध-प्रशासनाने लघुदृष्टीसाठी एक्सायमर लेसरला १९९५ साली मान्यता दिली; लघुदृष्टीबरोबरच्या दृष्टिवैषम्यासाठी ती १९९७ साली मिळाली; दूरदृष्टितेसाठी १९९८ साल उजाडले; आणि दूरदृष्टिता व दृष्टिवैषम्य या दोहोंच्या एकत्रित उपचाराला २००० साली मान्यता मिळाली. हा विलंब निष्काळजीपणाचा नव्हता, भूमितीचा होता. लघुदृष्टीत मध्यभाग घासला की काम भागते. दूरदृष्टितेत मध्यभागाला हात न लावता त्याच्याभोवती कंकणाकृती खळगा करावा लागतो, म्हणजे मधला भाग टेकडीसारखा उंच राहतो. त्यासाठी क्षेत्र मोठे लागते, पापुद्राही मोठा उचलावा लागतो, आणि खळग्याचा उतार सावकाश चढवावा लागतो. शिवाय शरीर आपला स्वभाव सोडत नाही. पारपटलावरची पातळ त्वचा हा खळगा भरून काढण्याचा प्रयत्न करते व मिळविलेल्या दुरुस्तीपैकी काही अंश परत जातो. उष्णतेने कडेचे तंतू आकसवून मध्यभाग फुगविण्याचे प्रयत्नही झाले. फ्योदोरवने तापलेली सुई वापरली, आणि २००० साली हॉल्मियम लेसरला अशा कामासाठी मान्यता मिळाली. परंतु ती मान्यताच दूरदृष्टितेच्या तात्पुरत्या घटीसाठी होती. आकसलेले तंतू हळूहळू सैल होत. म्हणून आजही अनुभवी नेत्रवैद्य दूरदृष्टितेचा मोठा नंबर लेसरने घालविण्याचे वचन देत नाहीत.

दृष्टिवैषम्याची अडचण दिशेची आहे. तेथे पारपटल गोल न घासता लंबगोल घासावे लागते, आणि लंबगोलाचा अक्ष डोळ्यातील दोषाच्या अक्षाशी अचूक जुळावा लागतो. अक्ष दहा अंशांनी चुकला तर सुमारे एकतृतीयांश दोष तसाच राहतो. तीस अंशांनी चुकला तर दोष जेवढा होता तेवढाच राहून त्याची केवळ दिशा बदलते. आणि माणूस बसलेला असताना डोळा ज्या स्थितीत असतो, तीच स्थिती तो आडवा झाल्यावर राहत नाही. डोळा खोबणीत काही अंश फिरतो. यामुळे बसलेल्या स्थितीत डोळ्यावर शाईच्या खुणा करण्याची पद्धत आली, आणि पुढे परितारिकेवरील नैसर्गिक रेषा ओळखून डोळा किती फिरला ते सांगणारी यंत्रे आली. डोळ्याची बारीक थरथर टिपून झोत तिच्यामागून नेणाऱ्या यंत्रणेसाठी तर लेसर-रडारचे तंत्र वापरण्यात आले.

पापुद्रा कापणारी पोलादी सुरीही पुढे मागे पडली. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी फेम्टोसेकंद लेसरचा, म्हणजे सेकंदाच्या अब्जांश भागाच्याही दशलक्षांशात मोजल्या जाणाऱ्या स्पंदांचा, उपयोग पारपटलाच्या आत कापण्यासाठी करून दाखविला. अशी अतिलघु व तीव्र स्पंदे निर्माण करण्याच्या पद्धतीबद्दल जेरार मूरू आणि डोना स्ट्रिकलंड यांना २०१८ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. या लेसरने पारपटलाच्या आतच भिंगाच्या आकाराची एक कपची सुटी करून ती लहानशा छेदातून ओढून काढण्याची पद्धत जर्मनीत मारबुर्ग येथे विकसित झाली. २०११ साली तिचे जे पहिले वृत्तांत प्रसिद्ध झाले, त्यांत बडोद्याच्या डॉ. रूपल शहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा वृत्तांत होता. दूरदृष्टितेसाठी ही पद्धत अर्थातच उशिरा आली. तिच्या आरंभीच्या महत्त्वाच्या चाचण्यांपैकी एक नेपाळमध्ये काठमांडू येथे झाली. मद्रासच्या रसायनशास्त्रज्ञापासून सुरू झालेल्या या कथेत आशिया खंड केवळ रोगी पुरविणारा राहिलेला नाही, हे यावरून दिसते.

या पद्धतींनाही काळाने आपले प्रश्न विचारले आहेत. १९९८ साली पुन्हा झाइलर यांनीच असे रोगी नजरेस आणले की, ज्यांचे पारपटल लासिकनंतर दुबळे होऊन पुढे फुगू लागले होते. ज्याने हे शस्त्र प्रथम हाती घेतले त्यानेच त्याच्या मर्यादा जाहीर कराव्यात, ही या इतिहासातील समाधानाची गोष्ट आहे. तेव्हापासून शस्त्रक्रियेपूर्वी पारपटलाचा नकाशा काढून ते मूळचेच दुबळे नाही ना, हे पाहणे आवश्यक मानले जाऊ लागले. आणि अशा अनेक उमेदवारांना आज नकार दिला जातो. पारपटलातील मज्जातंतू कापले गेल्याने डोळे कोरडे पडतात. बहुतेकांच्या बाबतीत ते कालांतराने सुधारते, काहींच्या बाबतीत नाही. अमेरिकेच्या औषध-प्रशासनाच्या पुढाकाराने झालेल्या व २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पूर्वी ज्यांना दिव्यांभोवती वलये दिसणे, प्रकाश फाकणे, दुहेरी प्रतिमा अशी कोणतीच तक्रार नव्हती, त्यांपैकी शेकडा चाळिसांहून अधिक जणांना लासिकनंतर तीन महिन्यांनी अशी एखादी नवी तक्रार जाणवत होती. त्याच अभ्यासात दृष्टीविषयी असमाधानी असलेल्यांचे प्रमाण मात्र फार थोडे होते. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत, आणि शस्त्रक्रियेचा विचार करणाऱ्याला दोन्ही सांगितली जावीत, हे न्यायाचे होय.

आणखी एक गोष्ट त्याला सांगावयास हवी. लेसर पारपटलाला नवा आकार देतो, आतील भिंगाला तारुण्य देत नाही. पंचविशीत ज्याची दूरदृष्टिता गेली, त्यालाही यथाकाल चाळिशी लागणारच. डॉन्डर्सने दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी या दोन गोष्टींतील जो भेद समजावून सांगितला, तो अजून पुष्कळ रोग्यांना नव्याने समजावून सांगावा लागतो.

एअरीने इप्सविचच्या कारागिराकडून जी काच घासून घेतली, तिच्या वंशातील काचा आजही कोट्यवधी लोकांच्या नाकावर आहेत. त्या काढता येतात, बदलता येतात, आणि चुकल्या तर दुसऱ्या करता येतात. लेसरने घासलेले पारपटल पुन्हा भरून काढता येत नाही. या भेदामुळे लेसरचे मोल कमी होत नाही. ज्याला अग्निशामक दलात, समुद्रावर किंवा खेळाच्या मैदानात चष्म्यावाचून वावरावे लागते, ज्याच्या दोन डोळ्यांच्या नंबरांत मोठी तफावत असल्यामुळे चष्मा सोसत नाही, त्याला ही शस्त्रक्रिया नवे जीवन देते. परंतु निरोगी डोळ्यावर शस्त्र चालवावे काय, या जुन्या प्रश्नाचे उत्तर यंत्राजवळ नाही. ते प्रत्येक रोग्याला आणि प्रत्येक वैद्याला समोरासमोर बसून, मोजमापे व शक्यता पुढे ठेवून, दर वेळी नव्याने शोधावे लागते. तोकिओतील त्या रोग्यांना अशी बैठक मिळाली नव्हती, कारण त्यांच्या वैद्यालाच पुढचे दिसले नव्हते. आज पुष्कळ दिसते. जे दिसते ते रोग्यापुढे पूर्णपणे मांडणे, एवढे तरी आजच्या वैद्याने मागच्यांच्या चुकांचे ऋण म्हणून केले पाहिजे.